गाठीवरून कूळ सांगता येते का?

हरभऱ्याचे रोप हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जंतू त्यांत राहतात. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली ते वेगळे काढले खरे. पण एकातून दुसरा ओळखायचा कसा? सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच! मग ज्या पिकावर गाठ, तेच त्याचे कूळ, असे ठरले. वाटाण्याचा निराळा, सोयाबीनचा निराळा. सोय झाली, पण भाडेकरूला घरमालकाचे आडनाव लावावे, तसला हा प्रकार.

१९८४ साली इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसाच्या डीएनएचे ठसे गवसले. पुढे जंतूंचेही ठसे निघू लागले. त्यांच्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणारे लहान तुकडे हेरायचे आणि मधल्या भागांच्या प्रती काढायच्या. लांबीप्रमाणे त्यांचे पट्टे पडतात. ज्याचे त्याचे वेगळे.

आता न्यूझीलंडची गंमत ऐका. लोटस नावाच्या चारापिकाला चालणारे जंतू तिथल्या एका रानात मुळी नव्हतेच. म्हणून एकाच जातीचे जंतू बियाण्याबरोबर घातले. सात वर्षांनी गाठी तपासल्या, तर ठसे भलतेच! मातीतल्या मूळच्या जंतूंनी या पाहुण्याकडून गाठी करण्याची जनुकेच उचलली होती. १९९५ साली हे प्रसिद्ध झाले.

आपला शेतकरी बियाण्याला जिवाणू-खत चोळतो. गाठीत नांदतो तो पाकिटातला की रानातला, हे नुसत्या गाठीवरून कळायचे नाही; ठसाच पाहावा लागतो.