बोईसर-तारापूर : कारखान्याच्या नकाशावर उभा राहिलेला व्यवसाय

पालघर तालुक्यातील लहान वास्तुविशारद कार्यालयाचा इतिहास इमारतींच्या शैलींपेक्षा परवानग्यांच्या कायद्यांतून अधिक स्पष्ट दिसतो, कारण या किनारपट्टीवर घर उभे करण्यास गवंडी आणि सुतार पुरेसे होते, तर नकाशावर सही करणाऱ्या व्यावसायिकाची गरज मुख्यतः सरकारी नियमांनी निर्माण केली. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या असल्याने त्या रचनेत स्थानिक कार्यालयाला वाव नव्हता; मात्र केंद्राच्या वसाहतीमुळे बोईसरला पगारदार वस्ती आली.

खरे काम दिले ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे बोलीभाषेतील एमआयडीसीने. 1962 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात भूखंड घेणाऱ्या उद्योजकाला बांधकामाचा नकाशा ग्रामपंचायतीकडून नव्हे, तर महामंडळाकडूनच मंजूर करून घ्यावा लागतो, कारण महामंडळ तेथे विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे ठरावीक क्षेत्रापुरते नगररचनेचे अधिकार असलेली संस्था आहे. त्याच शेडचे नकाशे कारखानाविषयक कायद्यानुसार औद्योगिक सुरक्षेच्या यंत्रणेकडेही जातात आणि बांधकाम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो. रसायनांच्या छोट्या कारखान्यात सौंदर्यविचाराला जागा थोडी असते, पण फायलीचा प्रवास लांबतो. शुल्क टप्प्याटप्प्याने मिळत असल्यास अडलेला दाखला म्हणजे अडलेला हप्ता, आणि ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे काढणाऱ्या साहाय्यकाचा, पगार मात्र महिन्याला द्यावाच लागतो. रोख पैशाची ही ओढाताणच लहान कार्यालयाची खरी परीक्षा होय, आणि केवळ रेखाटनाचे कसब तिथे पुरत नाही.

वास्तुविशारद अधिनियम, 1972 ने या व्यवसायाला मान दिला, मक्तेदारी दिली नाही. नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही, परंतु रचनेचे काम करण्यास हा कायदा त्याला मनाई करत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. दुसरीकडे, 1989 च्या व्यावसायिक आचारनियमांनी नोंदणीकृत वास्तुविशारदाला जाहिरात करण्यास बंदी घातली आणि इमारतीवरील त्याच्या नावाच्या अक्षरांची उंचीदेखील 10 सेंटिमीटरपर्यंत मर्यादित केली. प्रतिस्पर्ध्याला मोकळे रान आणि स्वतःचे तोंड बंद, अशी ही काहीशी चमत्कारिक स्थिती असल्याने ओळख आणि शब्द यांवरच काम मिळवणे भाग पडले.

पुढे नियमांची गुंतागुंत वाढतच गेली. 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने शेजारचा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून त्याभोवती 25 किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जिल्हा मुख्यालय पालघरलाच आले, आणि डिसेंबर 2020 मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. मात्र एमआयडीसीची क्षेत्रे आणि केंद्राने अधिसूचित केलेले पर्यावरण-संवेदनशील प्रदेश तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. परिणामी, बोईसरमध्ये निवासी इमारत आणि कारखाना अशी दोन्ही कामे घेणाऱ्या कार्यालयाला रस्त्याच्या एका बाजूस एक नियमावली आणि दुसऱ्या बाजूस दुसरी वापरावी लागते. मुंबईतील मोठ्या फर्मशी स्पर्धा करताना या भागातील लहान कार्यालयाचे सर्वांत भक्कम भांडवल रचनाकौशल्यापेक्षाही हे स्थानिक नियमज्ञान ठरते.