बांधलेला खेळाडू

अमेरिकेतील बेसबॉल-संघांचे मालक सांगत, खेळाडूला संघ निवडण्याची मुभा दिली तर न्यूयॉर्कसारखी धनाढ्य शहरेच सारे गुणीजन पळवतील. म्हणून तो एका मालकाशी बांधलेलाच बरा. पण त्याच बांधलेल्या खेळाडूला मालक खुशाल विकीत! १९२० च्या जानेवारीत बोस्टनने बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकल्याचे जाहीर झाले. १९२१ ते १९६४ या ४४ हंगामांत यांकीजनी आपल्या लीगचे अजिंक्यपद २९ वेळा पटकावले. १९७५ च्या अखेरीस लवादाने हे बंधन मोडले. त्यानंतर १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत ‘वर्ल्ड सीरिज’ या भारदस्त नावाची अंतिम लढत दहा निरनिराळ्या संघांनी जिंकली. तळाच्या संघांना नवोदितांची निवड आधी करू देणारी १९६५ पासूनची प्रथाही त्याला साहाय्यभूत झाली असावी.