जुन्या कॅराव्हॅनच्या कडांचे रंगकाम

बजाज टेम्पोच्या कारखान्यातून १९८७ पासून बाहेर पडू लागलेली 'ट्रॅव्हलर' पुणेकरांनी वऱ्हाडासाठी वापरली, अष्टविनायकाच्या यात्रेसाठीही वापरली. कंपनीचे नाव २००५ मध्ये 'फोर्स मोटर्स' झाले, तरी लोकांच्या तोंडी 'टेम्पो ट्रॅव्हलर'च राहिली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मागे जोडून ओढायचे फिरते घर आपल्याकडे विरळाच. त्यामुळे हौशी मंडळींची नजर अशा जुन्या गाड्यांकडेच वळते.

या गाडीचे वय प्रथम दिसते ते कडांवर. छताची पन्हळ, खिडक्यांच्या चौकटी, दारांचे काठ आणि चाकांवरच्या कमानी येथे रंग सुटतो, पाणी पत्र्याच्या जोडात शिरते आणि आतले प्लायवूड कुजू लागते. म्हणूनच कडांचे रंगकाम ही केवळ सजावट मानू नये.

पुण्यात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र सकाळी पत्र्यावर दव असते, ते पूर्ण वाळल्याशिवाय ब्रश हाती घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरण्याआधीच ओढला जातो, शिवाय वळवाची भीती असतेच.

प्रथम जुना रंग ओळखावा. थिनरमध्ये भिजवलेले फडके एका कोपऱ्यावर घासावे. रंग फडक्यावर उतरला वा सुरकुतला, तर त्यावर दोन घटकांचा पीयू रंग थेट मारू नये. खालचा थर फुगून येतो. नेहमीच्या रेडऑक्साइडवरही हीच गत होऊ शकते. गॅरेजमधील निम्म्या तक्रारींचे मूळ येथेच असावे, असे वाटते.

लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने व ८० नंबरच्या कागदाने पार काढून इपॉक्सी प्रायमर द्यावा. गंजावर लांबी भरून वरून रंग मारणे म्हणजे दुखणे झाकणे. ॲल्युमिनियमच्या चौकटींवर साधा रंग टिकत नाही. तेलकटपणा पुसून, ४०० नंबरने खरवडून इच प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो.

रबर कधीही रंगवू नये. खिडकीच्या रबराच्या ओठाखाली बारीक दोरी सरकवली की तो वर उचलला जातो आणि रंग आतपर्यंत पोचतो. कडक झालेले रबर बदलावेच. नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात नमुना घेऊन जावे. फटी बुजवताना सिलिकॉन टाळावे, कारण त्यावर रंग धरत नाही आणि आसपास खड्डे पडतात. पॉलियुरेथेन सीलंट त्यापेक्षा बरे.

आता आरोग्याचे. जुन्या पिवळ्या व तांबड्या रंगांत शिसे असू शकते. २०१६ च्या नियमांनी घातलेली ९० पीपीएमची मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे. वाहनांचे रंग त्यात येत नाहीत. त्यामुळे कोरडे घासू नये, वॉटर पेपरच वापरावा, मुलांना दूर ठेवावे आणि गाळ गटारात सोडू नये. पीयू रंगाच्या फवाऱ्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रुमाल बांधून फवारणी करणारे कारागीर दिसतात, ते पाहवत नाही. घरच्या घरी करायचे असेल, तर सिंथेटिक इनॅमलचे ब्रशने दोन पातळ हात पुरेत. फवारणी बूथ असलेल्या गॅरेजकडेच सोपवावी.

कडांना पूर्वीचाच रंग दिल्यास प्रश्न नाही. गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. सबंध गाडीचा रंग बदलायचा असेल, तर आधी 'आरटीओ'त जावे. भटक्यांना प्रिय असलेला ऑलिव्ह ग्रीन मात्र मिळणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.