भाग २७ : सोसायटीतला खरा भाडेकरू कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना निसटलेले एक-दोन मुद्दे इथे भरलेत आणि माझे 'अं... म्हणजे' गाळलेत.

आज लढाई नाही, किल्ला नाही, तह नाही. आजचा विषय तुमच्या लिफ्टशेजारी काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेला आहे : नोटीस बोर्ड. 'बॅचलर मुलांना फ्लॅट भाड्याने देऊ नये.' 'भाडेकरूंनी गाड्या गेटबाहेर लावाव्यात.' 'रात्री दहानंतर येणाऱ्या पाहुण्यांची नोंद करावी.' खाली शिक्का आणि 'कमिटीच्या आदेशावरून'.

मी पुण्यात सहा वर्षं भाड्याने राहिलो, तीन सोसायट्या केल्या. त्या काळात एक प्रश्न डोक्यात सारखा यायचा. फ्लॅट एकाचा, राहणार मी, भाडं आमच्या दोघांत ठरलेलं. मग तिसऱ्या माणसाला यात 'आदेश' काढायचा अधिकार आला कुठून? उत्तर शोधत मागे जात गेलो तर थेट प्लेगच्या साथीपर्यंत पोचलो. तर तिथूनच सुरू करू.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं, हे सगळं सरकारच्या डोळ्यांवर आलं आणि १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, नवे प्लॉट पाडले. पण गिरणीतला कामगार असो की ऑफिसातला कारकून, शहरात येणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळणं काही सोपं झालं नाही. बहुतेक सगळे भाड्याने राहायचे आणि घरमालकाचा शब्द शेवटचा असायचा. भाडं वाढवलं तर निमूट द्या, नाहीतर खोली सोडा. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला.

याच काळात कारवार-मंगळूरकडून मुंबईत नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्यांत चित्रापूर सारस्वत मंडळी होती. त्यांच्यातले एक श्रीपाद सुब्राव तल्मकी. हा माणूस संस्था काढण्यात वाकबगार. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली, आजची एसव्हीसी बँक ती हीच. १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन उभी राहिली, तिच्यामागेही तेच. आणि मग त्यांनी घरांचा प्रश्न हातात घेतला.

इथे कायद्याचं एक बारीक वळण आहे. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांसाठी होता, म्हणजे कर्ज देणं-घेणं, बस. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही दार उघडलं. त्यानंतर तीनच वर्षांत, १९१५ मध्ये, गामदेवीत 'सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' सुरू झाली. मुंबईतली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानतात.

तिची रचना नीट समजून घ्या, कारण आजची सगळी भांडणं त्या रचनेतूनच येतात. सभासदाने संस्थेचे शेअर घ्यायचे. शेअरचं भांडवल आणि वर कर्ज, यातून संस्थेने इमारत उभी करायची. जागा आणि इमारत, दोन्ही संस्थेच्या नावावर. सभासद त्या इमारतीत राहणार आणि दर महिन्याला संस्थेला भाडं देणार. म्हणजे कागदोपत्री तो भाडेकरूच, पण ज्या मालकाचा भाडेकरू, त्या मालकात त्याचाही वाटा. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या ईलिंगला १९०१ पासून अशाच तऱ्हेची संस्था चालू होती. या प्रकाराला नाव होतं 'टेनंट को-पार्टनरशिप'.

मला विचाराल तर ही कल्पना भन्नाट आहे. मनाला येईल तेव्हा हाकलणारा मालकच समीकरणातून काढून टाकला. भाडं वाढलंच तर ते सगळ्यांनी मिळून ठरवून वाढणार.

पण तिला दुसरी बाजू पहिल्या दिवसापासून होती. सोसायटी एकाच ज्ञातीची होती. का? एक कारण व्यवहारी आहे. अनोळखी वीस जणांनी मिळून मोठं कर्ज अंगावर घ्यायचं, तर उद्या एखादा हप्ता बुडवून पळाला तर काय, ही भीती असतेच. ओळखीतला, नात्यातला, एकाच मठाला मानणारा माणूस सहसा पळत नाही, आणि पळालाच तर त्याचा काका सापडतो. जातीचा विश्वास हेच तारण होतं. दुसरं कारणही तितकंच खरं आहे : शेजार आपल्यातलाच हवा, स्वयंपाकघरातला वास आपल्या ओळखीचा हवा. एकाच दरवाजाने काही लोकांना सुरक्षितता दिली आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं. यातलं एकच कारण खरं मानलं तर पुढचा इतिहास कळत नाही.

मुंबई प्रांताने १९२५ मध्ये स्वतःचा सहकार कायदा केला. त्याखाली अहमदाबादेत (तेव्हा ते मुंबई प्रांतातच होतं) एक पारशी सोसायटी नोंदली गेली. सभासद फक्त पारशी, असा तिचा उपविधी होता. पुढे तिथल्या एका सभासदाला पारशी नसलेल्या बिल्डरला जागा विकायची होती, सोसायटीने अडवलं आणि वाद वर वर चढत गेला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीच्या बाजूने निकाल दिला. संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या कलमात आहे, आणि कोणाबरोबर संघटना करायची हे ठरवणं त्यातच येतं, असा न्यायालयाचा साधारण युक्तिवाद होता. म्हणजे 'आपल्यातलेच हवेत' ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अट एकविसाव्या शतकातही कोर्टात टिकली.

आता स्वातंत्र्याच्या काळाकडे येऊ. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला मोठाच आधार झाला. पण भाडं गोठलेलं आणि खर्च वाढता, म्हटल्यावर भाड्यासाठी नवी चाळ बांधण्यात मालकाला राम उरला नाही. असलेल्या चाळींची डागडुजीही मागे पडली. पैसा वळला विकायच्या फ्लॅटकडे. 'ओनरशिप'चा जमाना आला आणि सोबत बिल्डर नावाचा प्राणी. आगाऊ पैसे घ्यायचे, नकाशा बदलायचा, ताबा लांबवायचा, अशा तक्रारी वाढल्या तेव्हा १९६३ मध्ये मोफा कायदा झाला. पुरेसे फ्लॅट विकले गेले की बिल्डरने खरेदीदारांची सोसायटी नोंदवायची आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करून द्यायची. त्याच सुमारास, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६१ चे नियमही आले होते.

गंमत इथे आहे. माणसं आता 'मालक' होण्यासाठी पैसे मोजत होती, पण त्यांना घातलेला कायद्याचा सदरा १९१५ च्याच मापाचा राहिला. १९६१ च्या नियमांत गृहनिर्माण संस्थांची वर्गवारी आहे आणि त्यात 'टेनंट को-पार्टनरशिप' हा प्रकार आजही जिवंत आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य सोसायट्या याच प्रकारात नोंदलेल्या आहेत. ऑफिसात टांगलेलं नोंदणी प्रमाणपत्र कधी वाचलंय? त्यावर वर्गीकरणाच्या ओळीत बहुधा लिहिलेलं असतं : 'भाडेकरू सहभागीदारी'. 'भाडेकरूंनी गाड्या बाहेर लावाव्यात' अशी नोटीस ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीवर सगळ्या मालकांना भाडेकरू म्हणणारं सरकारी प्रमाणपत्र!

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळालं. कमिटी मालकासारखी वागते, कारण ज्या संस्थेच्या वतीने ती बोलते, ती जमीन-इमारतीची मालक आहे, निदान असायला हवी. (बिल्डरने कागद करून दिलेच नाहीत तर काय, यासाठी २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरण' आणावं लागलं. तो वेगळ्या भागाचा विषय.) तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे, राहण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क आहे. पण जिना, गच्ची, लिफ्ट, खालची जमीन संस्थेची. याला पर्याय म्हणून १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा कायदा झाला. त्यात फ्लॅट थेट तुमच्या नावावर आणि जमिनीत अविभाज्य हिस्सा. पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत. बोलताना आपण दोन्हींना सोसायटीच म्हणतो, पण आतली रचना वेगळी आहे.

उरलेलं अर्धं उत्तर माझ्यासारख्यांचं, म्हणजे खऱ्या भाडेकरूंचं. भाडे कायद्यातून सुटायला मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट काढली : हा भाडेकरू नाहीच, याला फक्त राहायची परवानगी दिलीय. १९७३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला. १ फेब्रुवारी १९७३ ला अशा परवानगीवर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. एका तारखेने कित्येक मालकांच्या हातून जागा गेल्या. 'पाहुणा म्हणून आला आणि घर बळकावून बसला' ही भीती तेव्हापासून मध्यमवर्गाच्या हाडात मुरली. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने परवानगीवर राहणाऱ्याला मुदत संपल्यावर बाहेर काढायची सोय पुन्हा पक्की केली आणि करार नोंदवणं बंधनकारक केलं. कायद्यातलं भीतीचं कारण संपलं, पण भीती नोटीस बोर्डावर राहिली.

तिसऱ्या सोसायटीत मला आणि माझ्या रूममेटला कमिटीने 'भेटायला' बोलावलं होतं. चार खुर्च्या, चार काका. पगार किती, गाव कुठलं, आडनाव नीट सांगा, घरी शिजवता काय, लग्न कधी करणार? रूममेटने आडनाव सांगितल्यावर खोलीत जी शांतता पसरली, ती मला आजही ऐकू येते. नंतर घरमालकांना फोन गेला, "दुसऱ्या मुलाचं जरा अवघड आहे." ते मला एकट्याला ठेवायला तयार होते. आम्ही दोघांनीही ती जागा घेतली नाही.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता माहीत आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आगाऊ कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते. मुलाखत घेण्याची तरतूद त्यात नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटसाठी जे जादा शुल्क घेतात, त्यालाही २००१ च्या सरकारी आदेशाने सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. आणि सर्वसाधारण सभेने हात वर करून ठराव केला, तरी तो कायद्याच्या आणि उपविधींच्या वर जात नाही.

कमिटीवर नुसती आग पाखडावी असंही मला वाटत नाही. उन्हाळ्यात पहाटे टँकरवाल्याला फोन करणारे, लिफ्ट अडकली की धावणारे, थकबाकीदारांकडून बोलणी खाणारे हेच चार काका असतात, तेही बिनपगारी. त्यांच्या जागी मी बसलो तर मीही चिडेन. पण पाण्याची टाकी सांभाळण्याचा अधिकार आणि माणसं निवडण्याचा अधिकार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तल्मकींच्या संस्थेत त्या एकत्र होत्या, कारण तिथे विश्वास हेच भांडवल होतं. आज कर्ज बँक देते, तारण फ्लॅट असतो, जामीन सिबिल स्कोअर. ज्ञातीच्या विश्वासाचं व्यवहारी कारण संपलं. उरली ती फक्त निवड.

हे सगळं आता मी बाहेरून बोलत नाहीये. गेल्या वर्षी कर्ज काढून एक बीएचके घेतला, त्यामुळे पन्नास रुपयांच्या दहा शेअरचा धनी झालो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आहे आणि विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे : अविवाहितांना फ्लॅट भाड्याने न देण्याबाबत. मी विरोधात मत देणार आहे आणि बोलणारही आहे. पहिल्यांदा सभेत बोलणाऱ्या पोराचं किती ऐकतील, कोण जाणे. पण ठराव झाला तर उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करायची तयारी आहे, आणि तीत रूममेटही सही करतो म्हणालाय. मी त्याला सांगितलं, "तू सभासद नाहीस, तुझी सही चालणार नाही." तो म्हणाला, "साक्षीदार म्हणून तरी चालेल ना?"

तुम्हाला एक काम देतो. सोसायटीच्या ऑफिसात जा, नोंदणी प्रमाणपत्र आणि उपविधींची प्रत मागा. सभासदाला कागदपत्रं पाहण्याचा हक्क कायद्याने दिलाय, उपकार म्हणून नाही. वर्गीकरणाच्या ओळीत काय छापलंय ते वाचा आणि शेजाऱ्यालाही दाखवा.

पुढच्या भागात बीडीडी चाळी. तोवर नमस्कार.