बलतेजसिंग धिल्लन

बलतेजसिंग धिल्लन (जन्म : १९६६) हे कॅनडातील निवृत्त पोलीस अधिकारी व तेथील सिनेटचे सदस्य आहेत. मलेशियात जन्मलेले धिल्लन सोळाव्या वर्षी स्थलांतरित म्हणून कॅनडात आले. रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या केंद्रीय पोलीस दलात पगडी धारण करून सेवा बजावणारे ते पहिले शीख अधिकारी होत. त्यांच्या अर्जामुळे या दलाचा गणवेशविषयक नियम १९९० मध्ये बदलण्यात आला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात विसाव्या शतकाच्या आरंभापासून पंजाबी मजूर व शेतकरी येऊन राहू लागले. तेथे त्यांचे स्वागत झाले नाही. १९०७ मध्ये प्रांतातील भारतीयांचा मताधिकार काढून घेण्यात आला आणि तो परत मिळण्यास १९४७ साल उजाडावे लागले. मतदारयादीत नाव नसल्यामुळे वकिलीसारखे व्यवसायही त्यांना बंद होते. १९१४ मध्ये कोमागाता मारू या जहाजातून आलेल्या ३७६ प्रवाशांपैकी मोजक्यांनाच व्हँकुव्हर बंदरात उतरू दिले गेले.

त्या काळी या स्थलांतरितांचा पोलिसांशी संबंध येई तो बव्हंशी पाळतीच्या रूपाने. वर्धा येथे जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ज्या गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होते, तिच्या अनुयायांवर नजर ठेवण्याचे काम विल्यम हॉपकिन्सन हा अधिकारी करीत असे. त्याने पूर्वी कलकत्ता पोलिसांत नोकरी केली होती. ज्या समाजाकडे शासन संशयाने पाहत होते, त्याच समाजातील एक तरुण पाऊणशे वर्षांनी पोलीस भरतीसाठी अर्ज करतो, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढील वादाची तीव्रता कळत नाही.

अर्ज आणि पगडीचा प्रश्न

धिल्लन १९८३ मध्ये ब्रिटिश कोलंबियात आले. महाविद्यालयात गुन्हेशास्त्राचा अभ्यास करीत असताना ते स्थानिक पोलिसांसाठी स्वयंसेवक दुभाषी म्हणून काम करू लागले. भाषा न येणाऱ्या कुटुंबाला पोलिसांपुढे आपले म्हणणे मांडता यावे यासाठी दुभाष्याची गरज असे. या कामातून त्यांचा दलाशी परिचय वाढला आणि १९८८ मध्ये त्यांनी भरतीसाठी अर्ज केला.

प्रवेशाच्या अटी त्यांनी पूर्ण केल्या होत्या. अडचण गणवेशाची होती. दलाच्या नियमांनुसार ठरावीक टोपी घालणे आवश्यक होते आणि दाढी राखण्यास मनाई होती. अमृतधारी शिखाला केस कापणे वर्ज्य असते व पगडी हा त्याच्या धर्माचरणाचा भाग असतो. नोकरीसाठी पगडी उतरवण्यास धिल्लन यांनी नकार दिला. भारतात शीख अधिकारी पगडीवर पोलिसांचे बोधचिन्ह लावून काम करताना सर्रास दिसतो. मराठी वाचकाला हा वाद काहीसा अनाकलनीय वाटतो, तो त्यामुळेच.

दलाचे प्रमुख नॉर्मन इंकस्टर यांनी नियम बदलण्याची शिफारस केली आणि देशभर विरोध उसळला. हजारो नागरिकांनी विरोधाच्या निवेदनांवर स्वाक्षऱ्या केल्या. पगडीधारी पोलिसाची टिंगल करणारी दिनदर्शिका आणि बिल्ले विक्रीस आले. लाल अंगरखा व रुंद काठाची स्टेट्सन टोपी हे राष्ट्राचे प्रतीक आहे आणि त्यात बदल करणे म्हणजे परंपरा मोडणे होय, असे विरोधकांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर फारसा टिकत नाही. १८७३ मध्ये दलाची स्थापना झाली तेव्हा ही टोपी गणवेशात नव्हती. ती नंतर आली. स्त्रियांनाही पोलीस म्हणून दलात प्रवेश मिळाला तो १९७४ मध्ये.

अखेर १५ मार्च १९९० रोजी मंत्री पिएर काद्यो यांनी पगडीला अनुमती देणारा निर्णय जाहीर केला. त्यानंतर धिल्लन यांनी रेजायना येथील अकादमीत प्रशिक्षण घेतले.

न्यायालयीन लढा

काही निवृत्त पोलिसांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. पोलिसाच्या अंगावर धर्मचिन्ह दिसल्यास त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका निर्माण होते आणि नागरिकांच्या धर्मस्वातंत्र्यास बाध येतो, असा त्यांचा दावा होता. केंद्रीय न्यायालयाने १९९४ मध्ये तो फेटाळला. पगडीधारी अधिकाऱ्याशी संबंध आल्याने नागरिकावर धार्मिक सक्ती होते, हे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे मत पडले. १९९५ मध्ये अपीलही फेटाळले गेले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला. धिल्लन तोवर प्रत्यक्ष सेवेत होते.

सेवाकाळ

धिल्लन यांनी सुमारे तीन दशके सेवा केली. एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातील स्फोटाच्या तपासात त्यांचा सहभाग होता. २३ जून १९८५ रोजी झालेल्या या स्फोटात ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्यामागे शीख अतिरेक्यांचा हात असल्याने या तपासात पंजाबी भाषा आणि समाजाची माहिती असलेल्या अधिकाऱ्यांचे महत्त्व मोठे होते. २०१९ मध्ये ते इन्स्पेक्टर या पदावरून निवृत्त झाले. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटिश कोलंबियाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची सिनेटवर नियुक्ती जाहीर झाली.