शुगर, उतारवय आणि ताठर रक्तवाहिन्या: बीपीचे दोन्ही आकडे बघा

घरातल्या बुजुर्गांचं बीपी १६०/७० आलं की आपण म्हणतो, ‘खालचं नॉर्मल आहे, वरचं वयामुळे असेल.’ हा गैरसमज आहे. साठीनंतर, त्यातही बरीच वर्षं शुगर असेल तर, या दोन आकड्यांमधलं अंतर बघायला हवं.

हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी रबरासारखी असते. ठोका पडला की फुगते, मग आकसते, त्यामुळे रक्त सलग पुढे जातं. वयाबरोबर तिचे लवचिक तंतू झिजतात. (वर्गात मी नवा आणि जुना रबरबँड ताणून दाखवते, मुलांना लगेच कळतं.) रक्तातली साखर सतत जास्त राहिली तर ती भिंतीतल्या कोलॅजन या प्रथिनाला चिकटते, त्याचे धागे एकमेकांत अडकतात आणि नळी ताठ होते. मग वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. अंतर साधारण ४० असतं. ते नेहमी ६०च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वरच्या उदाहरणात ते ९० आहे!

यात हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत मिळतं, नेमका तेव्हाच दाब कमी पडतो. ठोक्याचा धक्का मेंदू आणि किडनीच्या बारीक नळ्यांनाही बसतो.

ताठरपणा मोजायची खास तपासणी आहे, पण ती सगळीकडे होत नाही. घरचं मशीनही बरंच सांगतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. ते डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

रोजचं चालणं, तंबाखू-मिश्री सोडणं, शुगर आणि बीपी आटोक्यात ठेवणं याचा फायदा होतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी. लोणचं-पापड त्यातच धरा.

आणखी एक. शुगरच्या पेशंटला हार्ट अटॅकमध्ये कधी कधी छातीत दुखतच नाही. अचानक दम लागला, घाम फुटला, खूप थकवा आला, तर ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.