पित्ताच्या नावाखाली दडलेला खडा

मराठीत ‘पित्त’ या एका शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे. डोके दुखले की पित्त, घशाशी आंबट आले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त. जागरण झाले, चहा जास्त झाला, तरी पित्तच. रागावलेल्या माणसाचेही पित्तच खवळते. इतकी कामे एका शब्दाकडे दिली, की खरोखरच पित्ताशयाचा आजार होतो तेव्हा तो या गर्दीत ओळखूच येत नाही. पित्ताशयातील खड्यांचा इतिहास मला याच कारणासाठी सांगावासा वाटतो. मी डॉक्टर नव्हे, शब्दांत रमणारा माणूस आहे. पण हा आजार शब्दांनीही बराच लपवून ठेवला आहे.

आमच्या कागलात गैबी पिराचा उरूस असतो. कंदुरीचे जेवण झाले, की रात्री कुणा ना कुणाच्या घरात एखादी बाई पोट धरून बसते. “खाल्लेलं उतरलं न्हाई, पित्त झालंय बघ,” असे कुणीतरी म्हणते. मग सोडा, आल्याचा रस, ओवा. दोन-तीन तासांत कळ थांबते आणि विषयही थांबतो. बहुतेक वेळा ते अपचनच असते. पण दुखणे उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी असेल, पाठीत किंवा उजव्या खांद्यात चढत असेल, तेलकट-तुपकट जेवणानंतर पुन्हा पुन्हा येत असेल आणि अर्धा तास ते काही तास टिकत असेल, तर शंका पित्ताशयाची घ्यायला हवी.

आधी गोष्ट समजून घेऊ. पित्त तयार होते यकृतात. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. यकृताच्या खाली चिकटलेली छोट्या वांग्याएवढी पिशवी म्हणजे पित्ताशय. ती पित्त तयार करत नाही, साठवून दाट करते. स्निग्ध अन्न पोटात गेले की ती आकुंचन पावते आणि पित्त नळीवाटे आतड्यात सोडते. पित्तातील घटकांचे प्रमाण बिघडले किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, तर साका बसावा तसे कण बसतात आणि त्यांचे खडे बनतात. काही खडे कोलेस्टेरॉलचे, काही रक्तातील रंगद्रव्यापासून झालेले काळसर. गंमत म्हणजे ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्दच मुळी या खड्यांतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्ताच्या खड्यांतील मेणचट पदार्थाला ग्रीक शब्दांवरून नाव दिले. त्याचा अर्थ घट्ट झालेले पित्त. आज हृदयविकाराच्या संदर्भात घरोघरी उच्चारला जाणारा हा शब्द जन्मला तो पित्ताशयात!

हा आजार नवा नाही. इजिप्तमधील हजारो वर्षांपूर्वीच्या ममींत असे खडे सापडले आहेत. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या बेनिव्हिएनी या वैद्याने शवविच्छेदनात पाहिलेल्या खड्यांची नोंद केली. आपल्याकडे सुश्रुताने ‘अश्मरी’ काढण्याची शस्त्रक्रिया तपशीलवार सांगितली आहे, परंतु ती मूत्राशयातील खड्याची. युनानी हकिमांनी शरीरातील चार रसांत पिवळ्या पित्ताला, म्हणजे सफराला, स्थान दिले. ग्रीक, अरबी, भारतीय या साऱ्या वैद्यकपरंपरांत पित्ताला मान होता. मात्र पित्ताची पिशवी आत बिघडली आहे हे जिवंत माणसात पाहण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

सुश्रुताची अश्मरी आणि पित्ताशयातला खडा यांत आजही गल्लत होते. मुतखड्याला आपल्याकडे हुलग्याचा कढण देतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. मुतखडा लहान असेल तर लघवीवाटे पडतोही. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी काहीच संबंध नाही. तिथला खडा सरकून पित्तनळीत आला तर ती सुटका नसते, संकट असते. नळी तुंबते, कावीळ होते, जंतुसंसर्ग होतो, स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते. तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडण्याचा’ एक उपाय तोंडोतोंडी फिरतो. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरवट गोळ्या पडतात आणि माणूस खूश होतो. प्रयोगशाळेत तपासल्यावर अशा गोळ्या त्या तेलापासून पोटात तयार झालेल्या साबणासारख्या निघाल्या आहेत. खरे खडे पिशवीत जागच्या जागी असतात.

शस्त्रक्रियेची वाट उघडायला फार वेळ लागला. सतराव्या शतकात कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते, की पित्ताशय काढले तरी प्राणी जगतो. घोड्याला तर निसर्गाने पित्ताशय दिलेलेच नाही. तरीही माणसाच्या बाबतीत धाडस होत नव्हते. १८६७ मध्ये अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी एका स्त्रीचे पित्ताशय उघडून खडे काढले आणि पिशवी पुन्हा शिवली. पण पिशवी राहिली की खडे पुन्हा होत. बर्लिनचे कार्ल लांगेनबुख यांनी निराळा विचार मांडला. पित्ताशय काढायचे ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर तेच खडे बनवते म्हणून. कित्येक वर्षे त्यांनी मृतदेहांवर सराव केला आणि १५ जुलै १८८२ रोजी, सोळा वर्षे कळा सोसणाऱ्या ४३ वर्षांच्या एका रुग्णाचे पित्ताशय काढले. दुसऱ्या दिवशी तो रुग्ण वेदनामुक्त होता आणि सिगार ओढत होता, असे सांगतात.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षे हीच रीत चालली. बरगडीखाली लांब छेद, आठवड्याहून अधिक मुक्काम, महिनाभर विश्रांती. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये सदरा वर करून पत्रकारांना आपला व्रण दाखवला, ते छायाचित्र जगभर गाजले. ब्रिटनचे अँथनी ईडन यांच्या १९५३ मधील शस्त्रक्रियेत पित्तनळीला इजा झाली आणि पुढे पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगातही हे दुखणे त्यांच्या मागे होते. नळीशेजारची ही जागा किती नाजूक आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

तोवर निदानाची वाटही बदलत होती. साध्या क्ष-किरण चित्रात बहुतेक खडे दिसतच नाहीत, कारण त्यांत चुना कमी असतो. १९२४ मध्ये ग्रॅहम आणि कोल या अमेरिकन डॉक्टरांनी पित्तात उतरणारे रसायन देऊन पित्ताशयाचे चित्र घेण्याची युक्ती काढली. १९७० च्या दशकात सोनोग्राफी आली आणि काम सोपे झाले. उपाशीपोटी, काही मिनिटांत, सुई न टोचता खडा दिसू लागला. आजही पहिली तपासणी हीच. जोडीला रक्ताच्या तपासण्या, आणि नळीत खडा असल्याची शंका आली तर एमआरसीपी हे खास एमआरआय चित्र. नळीतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्याच्या पद्धतीला ईआरसीपी म्हणतात.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचा मान जर्मनीतील बोब्लिंगेन या लहान गावातील एरिक म्यूहे यांचा. १२ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. पुढच्या वर्षी त्यांच्याच देशातील शल्यविशारदांच्या परिषदेत ती धुडकावली गेली. मोठा छेद म्हणजे मोठा सर्जन, अशी समजूत तेव्हा प्रबळ होती. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लिऑनच्या फिलिप मूरे यांनी कॅमेऱ्याच्या मदतीने तेच केले आणि पाहता पाहता पद्धत जगभर पसरली. म्यूहे यांना जर्मन संस्थेने गौरवले ते १९९२ मध्ये.

आणि भारतात? इथे महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ पासूनच निदानासाठी पोटात दुर्बीण घालायला सुरुवात केली होती. सोनोग्राफी, सीटी स्कॅन हाताशी नसलेल्या त्या काळात, मोठा छेद न घेता पोटात डोकावण्याची ती खिडकी होती. ३१ मे १९९० रोजी त्याच सरकारी रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. विकसनशील देशांतील ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. हे तंत्र श्रीमंतांची चैन आहे, असा आक्षेप होता. उडवाडिया यांचे म्हणणे नेमके उलटे होते. हातावर पोट असणाऱ्यालाच लवकर कामावर परतायची जास्त गरज असते. ते हे तंत्र घेऊन लहान गावांतही गेले. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०२३ मध्ये ते गेले. आज तालुक्याच्या गावची बाई चार छोट्या छिद्रांवर एक-दोन दिवसांत घरी येते, त्यामागे ही वाटचाल आहे.

माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, आठ-नऊ वर्षे हे दुखणे ‘पित्त’ म्हणून काढले. शेतातली कामे, लेकरांची लग्ने, रमजानचे रोजे, सारे त्यातच झाले. शेवटी डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, तेव्हा तिला दवाखान्यात नेले. खडा नळीत उतरला होता. आधी दुर्बिणीने तो काढला, मग पित्ताशय. ती बरी झाली. पण जे काम सोपे होते ते अवघड होऊन बसले होते. “पोट फाडतील” ही तिची भीती काही खोटी नव्हती. तिच्या लहानपणी खरोखरच पोट फाडत असत. काळ बदलला, हे तिच्यापर्यंत कुणी पोचवलेच नाही.

म्हणून दोन-चार गोष्टी सांगून थांबतो. सोनोग्राफीत खडा दिसला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. ज्यांना काहीच त्रास नाही अशांपैकी बहुतेकांना पुढेही होत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबता येते. एकदा कळा सुरू झाल्या की मात्र त्या परत येण्याचा संभव मोठा, आणि मग पित्ताशय काढणे हा खात्रीचा उपाय. खडे विरघळवणारे औषध आहे, पण ते काही ठरावीक लहान खड्यांनाच लागू पडते, महिनोन् महिने घ्यावे लागते आणि खडे पुन्हा होऊ शकतात. पिशवी गेली तरी पचन थांबत नाही. यकृतातले पित्त थेट आतड्यात उतरते. दुर्बिणीने सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत कधी सर्जनला छेद घ्यावा लागतो. ते त्याचे अपयश नसते, सावधपणा असतो. कळ थांबत नसेल, ताप असेल, डोळे पिवळे होत असतील तर सकाळची वाट पाहू नये. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे सरकारी योजनेची चौकशी करावी.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. बाळंतपणे, वाढलेले वजन, झपाट्याने घटवलेले वजन, वाढते वय ही त्यामागची काही कारणे. आणि आपल्या घरांत दुखणे अंगावर काढायची सवयही बायकांनाच अधिक. तेव्हा घरातली बाई पुन्हा “पित्त झालंय” म्हणाली, तर तिला ओव्याची पुडी देऊन झोपायला सांगण्याआधी एवढेच विचारा, “कुठं दुखतंय? आणि कितव्यांदा?”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)